डुक, पेट, हिनी, माय लव्हर: इंग्लंडातल्या गावोगावच्या लाडाच्या हाका कशा ओळखायच्या आणि उत्तर काय द्यायचं

आधी माझी गोष्ट सांगते मग शिकवायला घेते. नाशिकला अंबडकडच्या एका कॉल सेंटरमध्ये मी सहा वर्षं रात्रपाळी केली, प्रोसेस इंग्लंडची, लोकांची लाइटबिलं, मीटर रीडिंग, दोनदा पैसे कापले गेले ते परत करा, असली कामं. तिसऱ्या की चौथ्या रात्री स्टोक-ऑन-ट्रेंटच्या एका आजीबाईंचा फोन आला, त्यांचं काम मी अगदी मनापासून करून दिलं आणि फोन ठेवता ठेवता त्या म्हणाल्या, "थँक्यू मी डुक." मला वाटलं बाई मला डुक्कर म्हणाली. इतकं वाईट वाटलं की मी तो कॉल शिवीगाळ म्हणून नोंदवला आणि वॉशरूममध्ये जाऊन रडले. पहाटे टीम लीडरने रेकॉर्डिंग माझ्यासोबत बसून ऐकलं आणि सांगितलं की अगं ती तुला बाळा म्हणाली, त्यांच्या गावात सगळ्यांनाच म्हणतात. ज्या बाईने मला लाडाने हाक मारली तिच्या नावापुढे मी शिवी लिहून ठेवली होती, हे मला आजही लागतं.

आता मी इंदिरानगरला घरीच नर्सिंगच्या आणि तिकडे शिकायला जाणाऱ्या मुलामुलींची इंग्रजी बोलायची तयारी करून घेते. परीक्षेचं इंग्रजी सगळ्यांना येतं हो, अडतं ते बसमध्ये, दुकानात, वॉर्डात, जिथे समोरचा माणूस वाक्याच्या शेवटी काहीतरी चिकटवतो आणि आपण गोंधळतो. म्हणून हे सगळं एकदाच नीट लिहून काढतेय.

शब्दाचा अर्थ सोडा, तो काय काम करतोय ते बघा

सीबीएस स्टँडवरून पंचवटीला जाणाऱ्या बसमध्ये आपण कंडक्टरला मामा म्हणतो, भाजीवालीला मावशी, रिक्षावाल्याला दादा, चहावाल्याला अण्णा, आणि सटाण्याकडचा कोणी भेटला तर "काय भो, कसा शे?" यातला एकही आपला नातेवाईक नसतो आणि तसं कोणाला वाटतही नाही. तो शब्द फक्त एवढंच सांगतो की मी तुला परका समजत नाही. इंग्लंडात वाक्याच्या शेवटी येणारं लव्ह, डक, पेट हे अगदी हेच काम करतं. लव्ह म्हणजे तिथे प्रेम नाही, ताई आहे किंवा दादा आहे किंवा बाळा आहे, कोण कोणाला म्हणतंय त्यावर.

ओळखायची सोपी युक्ती: तो शब्द वाक्यातून काढून टाका. "हे घे सुटे पैसे, लव्ह" यातलं लव्ह काढलं तर काही बिघडतं का? नाही बिघडत. मग ती हाक आहे, तिचा अर्थ लावत बसू नका.

मला तर वाटतं त्यांना या हाकांची गरज आपल्यापेक्षा जास्त आहे. आपल्याकडे तू आहे, तुम्ही आहे, अगं, अरे, अहो आहे, नुसत्या क्रियापदावरून कळतं की माणूस किती जवळचा. इंग्रजीत उरलंय फक्त यू. पूर्वी त्यांच्याकडेही तू होता, दाऊ आणि दी, पण प्रमाण इंग्रजीतून तो काही शतकांपूर्वी गळून गेला. यॉर्कशायरच्या जुन्या लोकांच्या तोंडी अजून दा आणि दी सापडतो, शेफिल्डच्या लोकांना तर आजूबाजूच्या गावचे लोक त्या उच्चारावरून डी-डा असंच नाव ठेवतात, आणि तिकडे एक म्हणण्याची पद्धत आहे की मला अरेतुरे करू नकोस, स्वतःला करून बघ कसं वाटतं ते. म्हणजे अरेतुरेवरून होणारी भांडणंसुद्धा आपल्यासारखीच. तर तू गेला, पण जवळीक दाखवायची गरज काही गेली नाही, आणि त्या जागी या हाका उभ्या आहेत असं मी मुलांना सांगते, त्यांना ते लगेच पटतं.

आधी कान तयार करा

अर्ध्याहून जास्त गोंधळ उच्चारामुळे होतो. मिडलँड्स आणि उत्तर इंग्लंडमध्ये आपण शाळेत शिकलेला कप, बस, लव्ह यातला अ नसतो, तिथे उ असतो. कुप, बुस, लुव्ह. म्हणून डक चं डुक होतं. आणि माय चं होतं मी, ज्याचा मराठी कानाला भलताच अर्थ लागतो, मी डुक म्हणजे माझ्या बदका, एवढंच. मँचेस्टर आणि लँकाशायरकडे चक म्हणतात आणि तो ऐकू येतो चुक, आता नवीन मुलगी दुकानात पैसे देते आणि समोरची बाई म्हणते "ता, चुक", हिला वाटतं आपलं काहीतरी चुकलं. काही चुकलेलं नसतं. ता म्हणजे थँक्यू आणि चुक म्हणजे पिल्लू.

नैऋत्येला, म्हणजे ब्रिस्टल, डेव्हन, कॉर्नवॉल, तिथे उलटं, शब्दाच्या शेवटचा र चांगला ठसठशीत वाजतो, आपल्याला तो बरा कळतो. पण ह गिळतात, हॅन्सम चं ॲन्सम.

घरी सराव करायचा तर अ आणि उ च्या जोड्या मोठ्याने म्हणा, लव्ह लुव्ह, डक डुक, चक चुक, असं आठ दिवस. हे बोलण्यासाठी नाही, ऐकण्यासाठी. तोंडाला सवय झाली की कान आपोआप पकडतो.

आता गावोगाव फिरू

सुरुवात डुक पासूनच करते कारण माझा जीव त्या शब्दात अडकलाय. नॉटिंगहॅम, डर्बी, लेस्टर आणि तिकडे स्टोक, म्हणजे चिनी मातीच्या भांड्यांचा पट्टा, या सगळ्या भागात "एय अप मी डुक" म्हणजे काय गं, बरंय ना. बाईला म्हणतात, पुरुषाला म्हणतात, पुरुष पुरुषाला म्हणतात, वयाचं बंधन नाही. तिथले लोक अभिमानाने सांगतात की हा शब्द ड्यूक म्हणजे सरदार यावरून आलाय, मानाचा शब्द आहे. गोष्ट छान आहे पण ती टिकत नाही, कारण ड्यूक हा शब्द इंग्रजीत फ्रेंचमधून आला, १०६६ ला नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकल्यानंतर, आणि मोठे शब्दकोश ही लाडाची हाक सरळ बदक या पक्ष्याखालीच देतात. शेक्सपिअरच्या मिडसमर नाइट्स ड्रीम मध्ये, १५९० च्या दशकातलं नाटक, "ओ डेंटी डक, ओ डिअर" असं आहेच. आणि बदकाला तरी डक का म्हणतात, तर बुडी मारणं या क्रियापदावरून, डक म्हणजे बुडी मारणारा. हिवाळ्यात नांदूरमधमेश्वरला गेलात तर पाण्यावर ती बदकं बघा, डोकं खाली आणि शेपूट वर, मग हा शब्द जन्मात विसरणार नाही.

त्याच पट्ट्यात पुरुषांना यूथ पण म्हणतात, सत्तरीच्या माणसालासुद्धा. तो टोमणा नाही. आपल्याकडे नाही का म्हाताऱ्याला पण "काय तरुण" म्हणतात, तसंच.

पक्ष्यांवरून हाक मारणं हे आपल्याला अजिबात नवीन नाही. चिमणे, पिल्लू, पाखरा, माझी मैना, राघू. चक हे चिक म्हणजे कोंबडीच्या पिल्लाचंच रूप आहे, मॅकबेथ त्याच्या बायकोला "डिअरेस्ट चक" म्हणतो, म्हणजे चारशे वर्षं झाली आणि शब्द अजून विगनच्या बेकरीत चालू आहे. स्कॉटलंडमध्ये, विशेषतः ग्लासगोला, बायकांना हेन म्हणतात, कोंबडी, आणि ते फक्त बायकांनाच. कॉर्नवॉलला माय बर्ड. लँकाशायरला विगन, बोल्टन भागात कॉक आणि कॉकर म्हणतात, कोंबडा, पुरुष मित्राला "ओल्ड कॉक" म्हणजे काय राव. शेक्सपिअरच्या हेन्री फिफ्थ मध्ये बॉकॉक आणि स्वीट चक एकाच वाक्यात आलेत, बॉकॉक म्हणजे फ्रेंचमधला देखणा कोंबडा. पण इथे स्पष्ट सांगते, हा शब्द ऐकून घ्यायचा, स्वतः कधीच म्हणायचा नाही, कारण बाकी सगळीकडे त्याचा अर्थ अश्लील होतो आणि आपल्या तोंडून तो कोणी चांगल्या अर्थाने घेणार नाही.

न्यूकॅसल, संडरलँड, डरहॅम, म्हणजे ईशान्य कोपरा, तिथे पेट. आमच्या ग्रुपमधली एक मुलगी तिकडे नर्स आहे, तिने पहिल्या आठवड्यात मेसेज केला होता की मॅडम मला पाळीव प्राणी म्हणतात. अगं तसंच आहे, पण किती गोड आहे ते ऐक. पेट हा शब्द मूळचा स्कॉटलंड आणि उत्तर इंग्लंडचा, साधारण पाचशे वर्षांपूर्वीचा, आणि तेव्हा तो म्हणायचे घरात हाताने दूध पाजून वाढवलेल्या कोकराला. सिन्नरकडे धनगराच्या वाड्यावर असं एखादं कोकरू असतं बघा, आई गेलेली असते, मग ते माणसांच्याच पायात पायात फिरतं, चुलीपर्यंत येतं. ते पेट. हे सांगितल्यावर तिला राग राहिला नाही, उलट तिने ते आईला फोन करून सांगितलं.

तिथेच हिनी आहे. हिनी म्हणजे हनी, मध, फक्त तिकडचा उच्चार. तव्यावर भाजायचा एक गोड जाड पोळीसारखा केक असतो, मैदा, लोणी, बेदाणे, तो भाजताना चर्र चर्र आवाज करतो म्हणून त्याला सिंगिंग हिनी म्हणतात, गाणारी हिनी. खायला मिळाला तर नक्की खा.

यॉर्कशायरला लव्ह चं राज्य आहे, आणि फ्लॉवर, पेटल, फूल आणि पाकळी. तिथे बस ड्रायव्हर पुरुष दुसऱ्या पुरुषाला लव्ह म्हणतो आणि कोणी मान वळवून बघत नाही. मुलांना, म्हणजे मुलग्यांना, हे मी दोनदा सांगते कारण त्यांचा चेहरा पडतो. बर्मिंगहॅमला बॅब, बेब आणि बेबी याच घरातला शब्द, बाळा. पुढे लिव्हरपूलला बायकांना क्वीन म्हणतात. आपण म्हणतो ना "काय गं राणी", तेच, आणि जुन्या इंग्रजीत क्वीन च्या मूळ शब्दाचा अर्थ बाई, बायको असाच होता, राणी हा अर्थ त्यातून पुढे निघाला. लिव्हरपूलचे पुरुष एकमेकांना ला म्हणतात, लॅड मधला.

सगळ्यात जास्त घाबरवतं ते ब्रिस्टल आणि सॉमरसेट, डेव्हन, कॉर्नवॉलचं माय लव्हर. विचार करा, गंगापूर रोडवर वाढलेली बावीस वर्षांची मुलगी, पहिल्यांदा परदेशात, आणि दुकानातले साठीचे काका म्हणतात "देअर यू गो, मी लव्हर्र". ती त्या दुकानात परत जात नाही. खरं तर जायला हवं. लव्हर चा जुना अर्थ मित्र, हितचिंतक असा होता. ज्युलियस सीझर नाटकात ब्रूटस भर चौकात जमावाला हाक मारतो "रोमन्स, कंट्रीमेन, अँड लव्हर्स", म्हणजे मित्रहो. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये, ३८ व्या स्तोत्रात, माझे लव्हर्स आणि मित्र माझ्या दुखण्यापासून लांब उभे राहतात असं आहे, तिथेही अर्थ जिवलग माणसं. बाकी देशात शब्दाचा अर्थ आक्रसत प्रेमिकापर्यंत आला, नैऋत्येच्या हाकेत मात्र जुना मोकळा अर्थच जाणवतो. कॉर्नवॉलला माय हॅन्सम पण म्हणतात, मी ॲन्सम, तुम्ही दिसायला कसेही असा. ब्रिस्टलला बॅबर, पुन्हा बाळच.

पूर्वेला नॉरफोक, सफोक, शेतीचा सपाट मुलूख, तिथे पुरुषांना बोर म्हणतात. जुन्या इंग्रजीत गेबूर म्हणजे शेतकरी, शेजारी, नेबर या शब्दाचा मागचा अर्धा भाग तोच आहे. बांधाला बांध असलेला माणूस, एवढाच अर्थ, आणि तो निफाडच्या द्राक्षवाल्याला समजावून सांगायला लागत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पाल. म्हणजे मित्र, हा शब्द तुम्हाला माहितीच आहे, सगळीकडे चालतो. पण तो इंग्रजी नाहीच. तो रोमानी भाषेतला, रोमा लोकांचा, ज्यांना इंग्लंडात जिप्सी म्हणायचे. हे लोक साधारण हजार वर्षांपूर्वी आपल्या वायव्य भारतातून निघाले आणि फिरत फिरत १६ व्या शतकाच्या सुरुवातीला ब्रिटनमध्ये पोचले. त्यांच्या बोलीत फ्राल, पाल म्हणजे भाऊ, आणि तो आला संस्कृत भ्रातृ वरून. आपलं भाऊ पण भ्रातृ वरून, प्राकृतात भाउ होऊन. इंग्रजीत पाल १६८० च्या दशकात लिहिलेला सापडतो. म्हणजे मँचेस्टरचा टॅक्सीवाला तुम्हाला "चीअर्स पाल" म्हणतो तेव्हा तो तुम्हाला शब्दशः भाऊ म्हणत असतो आणि त्याला ते माहीतही नसतं. इंग्रजी ब्रदर पण त्याच मुळाचा, फक्त तो वेगळ्या वाटेने गेला. पोर्ट्समाउथ, साउदॅम्प्टनकडे पुरुषांना मुश म्हणतात, तोसुद्धा रोमानी, अर्थ माणूस. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्रीचे दोन वाजले होते आणि मी एकटीच उठून बसले होते.

मेट तर तुम्ही रोज ऐकाल. तो जुन्या जर्मन भाषेतून आला, अर्थ एका ताटात, एका पंगतीत जेवणारा, मीट म्हणजे पूर्वी कुठलंही अन्न, त्याच्याशी नातं असलेला. लंडनला ट्रीकल ऐकू येतं, काकवी, कारण तिथल्या यमकाच्या भाषेत स्वीटहार्ट साठी ट्रीकल टार्ट म्हणतात आणि मग पुढचा टार्ट गाळून टाकतात. चायना प्लेट म्हणजे मेट, म्हणून मित्र नुसता चायना. गंमत म्हणजे ट्रीकल चं मूळ ग्रीक, विषारी जनावर चावल्यावर द्यायचा उतारा, त्यातून औषधी पाक आणि शेवटी साखरेचा पाक. कंब्रिया आणि डरहॅमच्या कोळसा खाणीतला मारा म्हणजे खाणीतला जोडीदार, ज्याच्या भरवशावर खाली उतरायचं तो.

आणि अवर. हे फार जण चुकवतात. उत्तरेत आणि बर्मिंगहॅमला घरच्या माणसाच्या नावाआधी अवर लावतात. अवर जॅक म्हणजे आमचा जॅक, जसं आपण म्हणतो आमचा पिंट्या, आमची ताई. अवर किड म्हणजे आमचा धाकटा, पण मोठ्या भावालाही म्हणतात. न्यूकॅसलला अवर चं वोर होतं आणि वोर लॅस म्हणजे आमची ही, आमची मंडळी. पेशंट म्हणाला की अवर किड संध्याकाळी येणार आहे तर लहान मुलाची वाट बघू नका, साठ वर्षांचा भाऊ येईल.

हे सगळं जपून ठेवणाऱ्यांबद्दल दोन ओळी लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. जोसेफ राइट नावाचा यॉर्कशायरचा मुलगा, लहानपणापासून कापड गिरणीत कामाला, पंधरा वर्षांचा होईपर्यंत त्याला वाचता येत नव्हतं, आणि तोच पुढे ऑक्सफर्डला प्रोफेसर झाला आणि त्याने १८९८ ते १९०५ मध्ये इंग्रजी बोलींचा सहा खंडांचा शब्दकोश काढला. नंतर १९५० ते १९६१ मध्ये लीड्स विद्यापीठाच्या हॅरोल्ड ऑर्टन यांच्या लोकांनी ३१३ ठिकाणी जाऊन म्हाताऱ्या गावकऱ्यांना प्रत्येकी १३०० हून जास्त प्रश्न विचारले. आपल्या जिल्ह्यात कोणी बागलाणची अहिराणी, सुरगाण्याची कोकणा आणि निफाडची मराठी अशी गाव गाव फिरून लिहून काढली तर किती होईल, असं मला नेहमी वाटतं.

उत्तर काय द्यायचं

"यू ऑलराइट, लव्ह?" असं विचारलं तर तब्येत सांगत बसू नका. ते आपलं "काय म्हणता?" आहे. "ऑलराइट, यू?" एवढं पुरे, मान हलवून.

दुसरं, त्यांची हाक त्यांना परत करू नका, निदान पहिलं वर्षभर. मावशी आपल्याला बाळा म्हणाली म्हणून आपण मावशीला बाळा म्हणत नाही. हसून "ता" किंवा "थँक्स" म्हणा, नाव माहीत असेल तर नाव घ्या. पुढे कधीतरी तुमच्या नकळत तुमच्या तोंडून लव्ह निघून जाईल, निघालं तर निघू द्या, पण पाठ करून, ठरवून म्हटलं तर ते नकली वाटतं. आणि गाव बघून, न्यूकॅसलमध्ये मी डुक म्हणालात तर लोक विचारतील की तुम्ही स्टोकला होता का.

कोण कोणाला म्हणतं हेही लक्षात ठेवा. लव्ह आणि डुक सगळ्यांना, पेट जास्त करून बायकामुलांना, हेन आणि क्वीन बायकांना, बोर, मुश, ला, मारा पुरुषांना. लिहिताना यातलं काहीच नाही, मेलमध्ये तर नाहीच.

सूर बघा. हाक वाक्याच्या शेवटी, आवाज खाली, सहज, तर माया. पण "लिसन, लव्ह" असं वाक्याच्या तोंडावर, आवाज चढवून, तर ते आपलं "हे बघा बाई" आहे, समोरचा चिडलाय. ऑफिसमध्ये साहेब फक्त बायकांनाच लव्ह म्हणतो आणि पुरुषांना नावाने बोलावतो, तर ते सहन करायची गरज नाही, शांतपणे सांगा की प्लीज मला माझ्या नावाने हाक मारा. तिथल्या बायकाही असंच सांगतात, तुम्ही काही जगावेगळं करत नाही.

नर्स म्हणून जाणाऱ्यांसाठी वेगळं. पेशंट तुम्हाला काहीही लाडाने म्हणो, छान वाटू द्या, पण तुम्ही पेशंटला आधी विचारायचं की तुम्हाला काय म्हणून हाक मारू. ऐंशी वर्षांच्या निवृत्त मास्तरांना सरसकट डार्लिंग म्हटलेलं आवडेलच असं नाही, काहींना मिस्टर लागतं, काहींना घरचं नाव. आणि स्वतःचं नाव आधी सांगायचं. यॉर्कशायरच्या डॉक्टर केट ग्रेंजर स्वतः कॅन्सरच्या पेशंट म्हणून दवाखान्यात होत्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की बरेच जण नावच सांगत नाहीत, त्यांनी २०१३ मध्ये "हॅलो माय नेम इज" ही मोहीम सुरू केली, ती तिथल्या हॉस्पिटलांमध्ये सगळ्यांना माहीत आहे. आपल्या मुली लाजून नाव पुटपुटतात. दोनदा, सावकाश, मोठ्याने सांगा.

पोचल्या पोचल्या तिथलं स्थानिक रेडिओ लावायची सवय करा, बीबीसी रेडिओ स्टोक, रेडिओ न्यूकॅसल, रेडिओ कॉर्नवॉल, जिथे असाल तिथलं, आणि त्यात लोक फोन करून बोलतात ते कार्यक्रम ऐका. एक छोटी वही ठेवा, हाक, कोणी मारली, कुठे, कसल्या सुरात. महिन्याभरात वही लागत नाही.

कोणी विचारलं कुठून आलात, तर नाशिक म्हणा आणि वर देवळालीचं नाव नक्की घ्या. इंग्रज सोल्जर मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट बघत देवळालीच्या छावणीत महिनोन्‌महिने पडून राहायचे, कंटाळून काहींचं डोकं फिरायचं, त्यावरून इंग्रजीत डूलॅली हा शब्द आला, अर्थ भ्रमिष्ट. जुने सोल्जर डूलॅली टॅप म्हणायचे आणि तो टॅप म्हणजे आपला ताप. लाडाचा शब्द नाही, पण तो जवळपास प्रत्येक इंग्रज माणसाला माहीत असतो आणि तो आपल्या नाशिकरोडच्या पुढच्या स्टेशनवरून आलाय हे फार थोड्यांना माहीत असतं. लीड्सच्या एका आजोबांना मी फोनवर हे सांगितलं तर त्यांनी बिलाचं सोडून बायकोला हाका मारून बोलावलं होतं.

शेवटचं, निरोप. आपण घरातून निघताना जाते म्हणत नाही, येते म्हणतो. बर्मिंगहॅमला म्हणतात "तारा अ बिट, बॅब". तारा म्हणजे टाटा, आणि अ बिट म्हणजे थोड्या वेळापुरता. ते ऐकलंत की दारातच थांबून मागे वळा, हात हलवा आणि त्यांच्यासारखंच "तारा" म्हणा. तेवढा एक शब्द पहिल्या दिवसापासून परत केला तरी चालतो.